आपला भोपळा आपण बघायचा

आमच्या आत्याबाईंइतकी संशयी बाई भोकरदन तालुक्यात दुसरी झाली नसेल. माझ्या सासऱ्यांची ही थोरली बहीण. बाजेवर बसण्याआधी त्या सुंभ ओढून बघत, एसटीत चढण्याआधी चाकाला लाथ मारत आणि वर ड्रायव्हरला विचारत, "रात्री झोप झाली ना रे?" परतूरच्या एका लग्नात तर त्यांनी आधी मांडवाचे खांब हलवून पाहिले. एक हलला. तो नवरदेवाच्या बापाकडून पुन्हा ठोकून घेतला, तेव्हाच बाई जेवायला बसल्या.

आणि हीच बाई साठी उलटल्यावरही नऊवारीचा कासोटा घालून विहिरीत सूर मारायची! दुष्काळ सरून विहिरी भरल्या, तेव्हा गावातल्या सुनांना पोहायला शिकवायचं आत्याबाईंनी मनावर घेतलं. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि उतरायचं. पण त्याआधीचा सोहळा पोहण्यापेक्षा लांब. भोपळा हौदात दाबून बुडबुडे येतात का बघायचे, दोर ताणायचा, पायरीवरचं शेवाळ चाचपायचं. "तुम्हीच बघा ना," असं कुणी म्हटलं की त्या खवळत. "मी काऊन पाहू? जीव तुहा अन् पाहणी माही? जाय घरी!" या एका वाक्यापायी मी कितीतरी दिवस कोरडीच घरी आले; मग स्वतःच तपासून उतरू लागले आणि हातपाय मारायला शिकले.

सासऱ्यांना हे बिलकुल पसंत नव्हतं, आणि विहीर त्यांची. शेवटी त्यांनी बहिणीला बजावलं, "उद्या माह्यासमोर सूनबाईनं हीर पार करावी. तिला काढायला कुणाला उडी मारावी लागली, तर मंग बायकांचं पोहणं बंद."

दुसऱ्या दिवशी काठावर निम्मं गाव. आत्याबाई इतक्या उतावळ्या झाल्या होत्या, की माझ्या पाठीला भोपळा त्यांनीच आवळला. "चल, जल्दी!" मी एक पायरी उतरले आणि थांबले. वर आले, भोपळा सोडला, हौदात दाबला. देठापाशी बारीक बुडबुडे!

सासरे मोठ्यानं हसले. "घ्या! मास्तरीणच नापास!" माझं तोंड उतरलं. आत्याबाईंनी मात्र टाळी वाजवली. "बापू, पाह्यलं का? हिनं माह्यावरबी भरोसा ठेवला न्हाई! पोहायच्या आधीच पास झाली माही पोरगी!"

मग दुसरा भोपळा तपासून बांधला आणि मी विहीर पार केली. नुसती पार नाही, जाऊन परत आले. बायकांनी जो कल्ला केला, तो भोकरदनच्या बाजारात ऐकू गेला असणार. सासऱ्यांनी फेटा सारखा केला. "दुपारची हीर बायकांची. बराबर?" आत्याबाईंनी ते गावासमोर पुन्हा एकदा वदवून घेतलं.

त्यानंतर साऱ्याजणी आपापलं बघून उतरू लागल्या आणि आत्याबाई काठावर नुसत्या बसून राहू लागल्या. एकदा म्हणाल्या, "बरं झालं. आता मला कुणी काही विचारून न्हाई राह्यलं." म्हणाल्या हसूनच, पण मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी, पोटावर मारायची गाठ मी मुद्दाम पाठीवर मारली आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, एवढी मला दिसून न्हाई राह्यली. तुम्ही पाहता का?"

त्यांनी गाठ सोडली, पुन्हा मारली, ओढून पाहिली. हात मात्र बराच वेळ पाठीवरच होता.