प्रोटॉन आणि पाहुणे

शिक्रापुरातली माझी शेजारीण शास्त्रज्ञ आहे, पण प्रोटॉनविषयी बोलते बालवाडीच्या बाईंसारखी. गोठवलेल्या अमोनियाच्या मण्यांतले प्रोटॉन चुंबकानं एका दिशेला उभे करायचे आणि त्यांच्यावर इलेक्ट्रॉन सोडायचे, हे तिचं काम. खुटबावचे पाहुणे तिला बघायला आले आणि नेमका परदेशातल्या प्रयोगशाळेचा फोन आला. पोह्यांचा ट्रे माझ्या हातात देऊन ती फोनवर म्हणाली, "बिथरलेत बिचारे. जरा ऊब द्या, पुन्हा गोठवा, राहतील उभे."

"जुळत आलेलं मोडंल आता," तिची आई माझ्या कानाशी पुटपुटली.

फोन ठेवताच मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मंग, राहिले का उभे?"

"वेळ लागतो, मामा."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "थांबतो की. आन् त्यांचं तोंड कुठं हाय, ते कळतं कसं गं पोरी?"

स्वयंपाकाचं विचारायचं राहूनच गेलं.