शंभराचा हट्ट आणि नरसय्यामामांचा माग

सोलापूर स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या गळ्यात नवा कॅमेरा होता आणि डोक्यात दोन दिवसांच्या कार्यशाळेत मिळालेलं अगाध ज्ञान. त्यातलं मुख्य सूत्र असं, की आयएसओ शंभराच्या वर न्यायचा नाही. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा ठेवायचा तो आकडा. कमी ठेवला तर अंधारात हलणारं सगळं पुसट येतं; वाढवला की अंधारातही स्पष्ट दिसतं, पण फोटोवर वाळूसारखे दाणे उमटतात. आणि दाणेदार फोटो काढणारा माणूस, आमच्या सरांच्या मते, माणूसच नव्हे.

पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, नरसय्यामामांचं घर विचारत विचारत सापडलं. त्यांचा शेवटचा यंत्रमाग त्याच दुपारी भंगारात जाणार असल्याचं एका ओळखीच्यानं सांगितलं होतं. लोप पावणारी कला टिपायला माझ्यासारख्या कलावंताला याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार?

त्यांच्या पत्नी लक्ष्मीअक्कांनी आधी कडक भाकरी (वाळवून पापडासारखी केलेली) आणि शेंगाचटणी पुढं ठेवली.

"आदी खावा, मग काडा. ह्यांचा मागावरचा एक बी फोटो न्हाय बगा. लग्नातला हाय, रेशनकार्डाचा हाय. मागावरचा न्हाय."

"प्रदर्शनात लावण्यासारखा काढतो," मी उदारपणे म्हणालो.

माग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. तिथं एकच ट्यूब, तीही देवाच्या तसबिरीजवळ. माग सुरू झाला तशी जमीनच थरथरू लागली. मी शंभरावर धडाधड फोटो काढले. पडद्यावर मामांच्या जागी नुसता धूर.

"मामा, जरा हलू नका."

"माग चालू हाय, हात हलणारच की."

"मग माग बंद करा ना."

बिचाऱ्यांनी केला. हात मांडीवर ठेवून ताठ बसले. फोटो अगदी स्वच्छ आला, फक्त त्यात विणकर नव्हता. दवाखान्यात नंबराची वाट बघणारा कुणीतरी होता. अक्कांनी पाहिला.

"असला तर हाय की आमच्याकडं."

मामांनी माग पुन्हा सुरू केला. "आता लई झालं तर वीतभर ऱ्हायलंय," ते म्हणाले. सूत संपत आलं होतं. बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो येऊन हॉर्न वाजवत होता. अक्का दारात उभ्या होत्या. तेव्हा कुठं या महान कलावंताला लाज वाटली. मी आकडा शंभरावरून थेट सहा हजार चारशेवर नेला.

एक धागा तुटला. मामा वाकले, दोन बोटांनी झटक्यात गाठ मारली आणि स्वतःशीच हसले. तेवढ्यात मी बटण दाबलं.

थोड्या वेळानं माग थांबला. मामा मागावर हात ठेवून तसेच उभे राहिले, लोखंड गार होईपर्यंत.

फोटोत सगळं होतं: बोटं, गाठ, हसू. आणि सगळीकडे दाणे. मी माफी मागू लागलो, "अक्का, दाणे जरा जास्तच..."

"दाणे कुटले? सुताची रुई हाय की ती. हितं अशीच उडती."

"व्हय," मामा म्हणाले. "एवडीच उडती."

मी तोंड मिटलं. त्या दिवसातलं ते माझं दुसरं शहाणपण.

परतीच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत शंभरावरचे सगळे फोटो एकेक करून पुसत होतो. शेजारच्या काकांनी डोकावून विचारलं, "कॅमेरा बिघडला काय हो?"

"कॅमेरा उत्तम आहे," मी म्हणालो. "मालकाची दुरुस्ती चाललीय."