लेकराच्या डोक्यावर हात

अन्याय झाला तो पाथर्डी तालुक्यातल्या एका ऊसतोड बाईवर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळासमोर, सगळ्या गावादेखत. आज अंगावर वर्दी नाही, तरी ती हकिकत आठवली की डोकं तापतं.

देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. पोलिसांना कळवण्याआधी गावाने स्वतःचंच कोर्ट भरवलं. घरटी एकाने भंडारा उचलायचा आणि लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. भंडाऱ्याचं ताट देवस्थान समितीच्या एका सदस्याकडे. पहिली शपथ त्यानेच घेतली, खणखणीत आवाजात.

बाईची पाळी आली. ती म्हणाली, "म्या चोरी न्हाई केली. सांगितलं ना? खरं बोलायला पोरगं कशाला गहान ठिवू?"

"मंग तूच चोर!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

झालं, निकाल लागला! नळावर तिला पाणी बंद. मुकादमाने नवरा-बायकोला टोळीतून काढलं. अख्ख्या हंगामाची भाकर गेली, आणि पुरावा काय? तर तिने शपथ घेतली नाही!

मग गावकरी तिला जीपमध्ये घालून ठाण्यात घेऊन आले. मी तिथला फौजदार. चोरीचा गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध दाखल करून घेतला. हवालदार कानाशी लागले, "साहेब, हिला जरा दम भरू का?"

"आवाजसुद्धा चढवायचा नाही. चहा द्या आणि घरी सोडा."

आसपासच्या सोनारांना मी कळवून ठेवलं होतं. दोन-तीन दिवसांत केडगावच्या एकाचा फोन आला. पाथर्डीकडचा कोणी माणूस चांदी वितळवून मिळेल का विचारत होता. वर्णन हुबेहूब त्या ताटवाल्या सदस्याचं.

त्याला बोलावलं. खुर्चीत टेकायच्या आत त्याने सुरुवात केली, "साहेब, लेकराची आन..."

"थांबा. पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसतो. चोरीच्या रात्री कुठं होतात?"

"मोटार चालवून कांद्याला पानी देत हुतो. देवीची आन!"

"देवीला राहू द्या. लाईट कधी आली?"

"धाच्या सुमाराला."

त्याच्यासमोरच वायरमनला फोन लावला. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती. रात्री मोटार चालणारच कशी? तो पुन्हा आन घ्यायला लागला. मी म्हणालो, "आन नको, माहिती द्या." आन बाजूला काढल्यावर गड्याने कबुलीच दिली. कोणी त्याच्यावर हात उगारला नाही. घाम पुसत उठला आणि पंचांसमक्ष कडब्याच्या गंजीतून त्यानेच मुखवटा काढून दिला.

तोवर टोळीचा ट्रक त्या दोघांना न घेताच निघून गेला होता. मी गावातल्या कारभाऱ्यांना म्हणालो, तिच्या दारात जाऊन माफी मागा. एकजण हसत म्हणाला, "तिनं तवाच शपथ घेतली असती, तर येवढं झालंच नसतं की, साहेब!"

लाज नाही, काही नाही! मुखवटा उचलताना ज्याला देवी आडवी आली नाही, त्याला भंडारा उचलताना कशी येईल? एवढं साधं कोणाला सुचलं नाही. त्या दिवसापासून शपथा खाणाऱ्याला मी आधी तपशील विचारू लागलो, आणि नुसतं 'नाही' म्हणणाऱ्याचं ऐकून घेऊ लागलो.

आता तुम्हाला सांगतो. तुमच्या गावात असं ताट फिरलं तर गप्प उभे राहू नका. ते खाली ठेवायला लावा आणि ठाण्यात फोन करा. आणि शपथ घेतली नाही म्हणून तुम्ही कोणाचं पाणी तोडलं असेल, तर आजच त्या दारात जा आणि माफी मागा.