आज बस मी आहे

भोसरीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या बसचं एक अॅप आहे. त्यात बस दिसते. रस्त्यावर दिसेलच असं नाही. कधी कधी अॅपमधली बस आपल्या डोळ्यांसमोरून निघून जाते आणि स्टॉपवरची माणसं हवेला हात दाखवत उभी राहतात. म्हणून सकाळच्या प्रवाशांनी मोबाइलवर स्वतःचा ग्रुप काढला. पहिल्या स्टॉपवर जो चढेल त्याने लाइव्ह लोकेशन टाकायचं. पुढच्या स्टॉपवाले घरात चहा पीत नकाशावर त्याचा गोल फोटो सरकताना बघतात आणि बेताने बाहेर पडतात. लोकेशन टाकणाऱ्याला ग्रुपवर कुणी नावाने विचारत नाही. त्याला बस म्हणतात. ‘बस, कुठंयस?’ ‘बस, जागा आहे का?’ ‘बस, आज आंघोळ झाली का?’

मी दिघीला राहतो, भोसरीला पहिल्या स्टॉपवर चढतो आणि माझ्या फोनची बॅटरी टिकते. एवढ्या पात्रतेवर मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून बस आहे.

यंदा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेला विषय होता, चाकणपर्यंत मेट्रो आणावी की बसगाड्या वाढवाव्यात. माझ्या वाट्याला मेट्रो आली. हे ग्रुपवर कळल्यावर आमच्या एका प्रवाशाने लिहिलं, ‘बस फितूर झाली.’ हा भाऊ एका सुट्या भागांच्या कंपनीत मशीन चालवतो. मशीनच्या आवाजात बोलून बोलून त्याला हळू बोलता येत नाही. लिहितानाही तो ओरडतोय असंच वाटतं.

जिंकायची मला हौस नव्हती. मागच्या वर्षी ह्याच स्पर्धेत मी ‘सन्माननीय परीक्षक’ इथपर्यंत पोचलो होतो. पुढे समोरची गप्प बसलेली माणसं दिसली आणि मी खाली येऊन बसलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं दुसरं कुणी नाही. वडिलांनी संध्याकाळी अगदी मनापासून विचारलं, “एवढंच बोलायचं असतं का?” यंदा मला भाषण शेवटापर्यंत न्यायचं होतं. बस्स.

स्पर्धेच्या दिवशी लोकेशन टाकलं आणि खिडकीशी बसून ओठातल्या ओठात मुद्दे घोकत निघालो. चिंबळी फाट्याच्या पुढे बस थांबली. पुढे ट्रक, मागे कंपन्यांच्या बसगाड्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. वर्गातला एक मित्र मोटारसायकलवर होता. त्यांची जमीन तिथलीच.

“अरे, बोलायला तुझा पयला नंबर हाय न्हवं? उतर की राव. आमच्या शेतातनं काढतो तुला.”

मी उतरलो. बांधावरून, ऊस आणि गोठे ओलांडत आम्ही निघालो. मी त्याच्या पाठीमागे मोठमोठ्याने ‘सन्माननीय परीक्षक’ म्हणत होतो. खिशात फोन सारखा थरथरत होता. वाटलं, ग्रुपवाले शुभेच्छा देत असतील.

शुभेच्छा नव्हत्या. पुढच्या कुरुळी फाट्यावर आमची माणसं उभी होती आणि नकाशावर बस हायवे सोडून शेतात शिरली होती. हे सगळं मला नंतर वाचायला मिळालं. ‘बस वावरात गेली.’ ‘ड्रायव्हरनं डोकं लावलं, ट्रॅफिक टाळला.’ ‘उसातनं कशी जाईल?’ ‘जातेय ना! फोटो बघ.’ शेवटी मशीनवाल्या भाऊने हुकूम सोडला, ‘स्टॉप सोडा, मातीच्या रस्त्याच्या तोंडाशी या.’

आम्ही वळण घेऊन बाहेर आलो तर गोठ्याशेजारी ती सगळी ओळीने उभी. डबे खांद्याला, ओळखपत्रं गळ्यात. दोघांनी तर मला हात दाखवला. एक म्हैस रवंथ थांबवून त्यांच्याकडे बघत होती.

भाऊने आधी आमच्या मागे बघितलं, मग माझ्याकडे.

“ही बस?”

“लोकेशन बंद करायचं राहिलं,” मी म्हणालो.

“अरे भावा! आम्ही इथं गोठ्यात स्टॉप केला ना तुझ्यापायी!”

पुढे आली कँटीनवाली काकू. एका कारखान्यात सकाळचा नाश्ता तिच्या हाती असतो आणि ती उशिरा गेली की अख्खी शिफ्ट उपाशीपोटी तिच्या नावाने शंख करते. तिने मोटारसायकल निरखली. एकच जागा होती, तिच्यावर मी होतो.

“उतर, लेकरा.”

“काकू, माझं भाषण आहे.”

“तू मेट्रो आणायला चाललायस, मी पोहे द्यायला. आधी काय लागतं माणसाला?”

मी उतरलो. काकू डबा मांडीवर घेऊन बसली आणि मित्राला म्हणाली, “हाण.”

आम्ही बाकीचे पळत स्टॉपवर गेलो. खरी बस अजून यायची होती. ती आली तेव्हा माझं नाव पुकारून झालं असणार. बसमध्ये चढतोय तोच सरांचा फोन.

“कुठे आहेस?”

“सर, बसमध्ये.”

“मग फोनवरच बोल. फोन माइकला लावतो. परीक्षक हो म्हणालेत.”

एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने फोन धरून मी सुरुवात केली. ‘सन्माननीय परीक्षक’ झालं. पुढची ओळ आठवेना. तेवढ्यात शेजारून भाऊ ओरडला, “अरे बोल की! मेट्रो कशाला पाहिजे?”

“वेळेवर येते म्हणून!” मीही ओरडलो.

“येईल रे वेळेवर. स्टेशनापासून कंपनीच्या गेटापर्यंत काय तुझा काका नेणार?”

फोनमधून हॉलचं हसणं आलं. माझ्या भाषणात काका नव्हता. पण उत्तर द्यावंच लागलं. मी म्हणालो, स्टेशनापासून छोट्या गाड्या सोडा. कुणी म्हणालं, मग त्याच गाड्या थेट घरापासून सोड ना. मी म्हणालो, त्या ह्याच ट्रकांमागे अडकतील. कंडक्टर मध्येच “पुढे सरका, तिकीट घ्या” म्हणत होता आणि तेही माइकवर जात होतं. सगळी बस माझ्या विरोधात होती आणि मी बोलतच होतो. हॉलमध्ये माणसं गप्प बसतात, तिथे मला त्यांच्या मनातलं कळत नाही. इथे सगळं कळत होतं.

कॉलेजचा स्टॉप आला. मी दाराकडे वळलो तर भाऊने दंड धरला. “संपलं का?”

“एक मुद्दा राहिलाय.”

“मग कुठं चाललास?” त्याने कंडक्टरकडे बघितलं. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. बस पुढे निघाली. कॉलेज, सर, परीक्षक सगळं मागे राहिलं आणि मी शेवटचा मुद्दा मांडला, मग ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ हेही म्हणालो. ते मी पहिल्यांदाच म्हणत होतो. बसमध्ये टाळ्या पडल्या. फोनमध्येही काही वाजलं, पण घंटीमुळे नीट ऐकू आलं नाही.

पुढच्या स्टॉपवर मी उतरताना भाऊ म्हणाला, “हरणार तू. पण आवाज चांगला लागला.”

मेट्रोची बाजू हरली. तसा सरांचा फोन आला तेव्हा मी रस्त्याच्या कडेने कॉलेजकडे परत चाललो होतो. “जी सर,” म्हणालो आणि एका कांद्याच्या ट्रकला वाट द्यायला बाजूला सरकलो. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, “काय झालं, एकटाच हसतोयस?”

“भाषण झालं,” मी म्हणालो. “सगळं.”