तासलेला जबडा

दंतवैद्यकाच्या कॉलेजात आमच्या सरांची एक पद्धत होती. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातलं एक वाढतं मूल निवडायचं आणि दर मे महिन्यात त्याच्या दातांची छाप घेऊन प्लास्टरचे जबडे बनवायचे. चेहरा कसा वाढतो हे पुस्तकात दिसत नाही, असं ते म्हणत. जबडे एका रांगेत मांडले की वाढ दिसते.

साठचं दशक संपत आलं होतं. कॉलेज परगावी होतं, घर कोल्हापुरात. मी निवडली माझी चुलत बहीण. दहा वर्षांची. काका हातकणंगल्याला शेती करायचे आणि सुट्टी लागली की तिला रेल्वेत बसवून आमच्याकडे पाठवायचे.

मी गरम पाण्यात मऊ केलेला, छाप घ्यायचा मेणासारखा मसाला तिच्या तोंडात घातला.

"उघड अजून."

"अजून किती? आत रेल्वे घालतोस व्हय रं दादा?"

प्लास्टर सुकलं तेव्हा खालच्या जबड्याच्या उजव्या बाजूला, दाढांच्या खाली, एक फुगवटा दिसला. छाप काढताना हात हलला की असं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. छापेत हवा राहिली तरी प्लास्टरला गाठी येत आणि आम्ही त्या चाकूनं उडवत असू. गुळगुळीत जबड्याला गुण जास्त मिळत. मी घरात पुढच्या सोप्यावर बसून तो फुगवटा तासला, पॉलिशपेपर मारला, साबणाच्या पाण्यात बुडवून चमकवला. तिच्या तोंडात बोट घालून बघावं, हे माझ्या मनातही आलं नाही. दिसलेलं चुकीचं आणि शिकलेलं बरोबर, असंच मला तेव्हा वाटे.

सरांनी माझा जबडा वर्गात सगळ्यांना फिरवून दाखवला.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा छाप घेतली. प्लास्टर घट्ट झाल्यावर वरचा मसाला सोलून काढला आणि हात तिथंच थांबला. मी तासून टाकलेलं परत उगवलं होतं. त्याच जागी, पण मोठं होऊन. परसात ती बिट्ट्या खेळत होती. तिला हाक मारली आणि गालाच्या आतून बोट फिरवलं. हाड होतं. कठीण, न दुखणारं.

"काय हाय रं?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

मी कळवल्यावर काका तिला घेऊन कॉलेजच्या इस्पितळात आले. सरच शस्त्रक्रिया करायचे. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, पण अहवालात ठाम असं काही आलं नाही. सर आम्हाला समजावत होते. लहान वयात जबड्याच्या काही गाठी चेहऱ्याबरोबर वाढतात आणि चेहरा वाढायचा थांबला की त्याही थांबतात. त्यांना हात लावायचा नाही, वाट पाहायची. काही मात्र थांबतच नाहीत. फरक कळतो तो वेगावरून.

"गेल्या वर्षीचा जबडा आहे ना तुझ्याकडे?"

मी आणून दिला. सरांनी त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग यंदाच्या जबड्यावरून.

"वर्षात शून्यातून एवढं," ते म्हणाले. "थांबून चालणार नाही. उजवी बाजू पूर्ण काढावी लागेल."

काका टोपी हातात घेऊन उभे होते. "साहेब, निम्मा जबडा काढल्यावर पोरगी भाकरी खाईल कशी?"

सर त्यांना काहीतरी सांगत राहिले. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: ती जागा सपाट नव्हती, मी तासली. तेवढ्यात सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या नीटनेटक्या कामामुळे वेळेत कळलं." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

शस्त्रक्रिया झाली. काढलेलं हाड सबंध तपासल्यावर अहवाल आला. गाठ वाट पाहण्याजोगीच होती. सर दोनदा पुटपुटले, "एवढ्या वेगानं वाढत नाही ही. नवल आहे." मी दोन्ही जबडे उचलून कपाटात ठेवले.

शेवटच्या वर्षी विकृतिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. टेबलावर ओळीनं काचेच्या बरण्या, बरणीमागे क्रमांक, घंटा वाजली की पुढं सरकायचं. चौथ्या बरणीत अर्धा जबडा औषधात तरंगत होता. त्यातला सुळा अर्धवट वर आलेला आणि किंचित बाहेर वळलेला. तो सुळा मी दोन वर्षं प्लास्टरमध्ये मोजला होता. घंटा वाजायच्या आत मी गाठीचं नाव, वय, लक्षणं लिहिली. सगळं बरोबर लिहिलं. त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले, हे सांगायला आजही लाज वाटते.

तिचा उरलेला चेहरा मात्र वाढत राहिला. दर सुट्टीत मी बघत होतो. हनुवटी हळूहळू रिकाम्या बाजूकडे सरकत गेली. पुस्तकात होतं तसंच, वर्षाला थोडं थोडं. तिनं लग्न केलं नाही. काकांच्या मागं म्हशी तिनंच सांभाळल्या, आणि बाजारात कुणी टक लावून बघितलं तर ती विचारायची, "काय पावणं, वळख लागंना व्हय?"

मी कोल्हापुरात दवाखाना थाटला. वीस वर्षांत एकदाही तिच्या समोर बसून जेवलो नाही.

गेल्या हिवाळ्यात हातकणंगल्याला गेलो आणि गोठ्यात उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. ती धार काढत होती. हात थांबले नाहीत. बादली बाजूला ठेवून ती म्हणाली, "आणि ते काढलेलं? पुरलं का?"

"नाही. कॉलेजात आहे. बरणीत."

"पोरं बघत्यात?"

"हो. शिकतात त्यावर."

तिनं म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "माफ बिफ मला काय येत न्हाय दादा. मला तिथं न्हे. आणि मला आत्ता सांगितलंस ते तिथं सांगायचं, त्या पोरांच्या म्होरं."

सर आता हयात नाहीत. मी विभागप्रमुखांना पत्र घातलं आणि आम्ही गेलो. संग्रहालयात दहा-बारा विद्यार्थी वह्या घेऊन उभे होते. ती बरणीसमोर जाऊन थांबली. एका मुलीनं बरणीकडं पाहिलं, मग बहिणीच्या चेहऱ्याकडं, आणि त्या मुलीचं पेन वहीवर थांबलं.

बहीण वाकून काचेतून बघत होती. तळहात नकळत उजव्या गालावर गेला, जिथं हाड नाही तिथं.

"केवढंसं हाय की रं," ती म्हणाली. "लेकराचं हाय हे."

मग ती बाजूला सरली आणि मला पुढं उभं केलं.

"बोल," ती म्हणाली.