जोडीचा आहेर

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, त्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं पुढे काय झालं?" जणू मी एखाद्या मालिकेचा भाग अर्ध्यात सोडून उठले होते. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, कारण अक्का समोर बसल्या होत्या. म्हणून सगळं क्रमानं लिहिते. तुमचे बाबा वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनीही ऐकावं.

सुरुवात तुमच्याकडूनच झाली. दिवाळीत आलात आणि जाताना माझ्या टीव्हीवर ती इंग्रजी विनोदी मालिका लावून गेलात. एका मोठ्या शहरात एकाच इमारतीत राहणारे तरुण मित्र-मैत्रिणी, आणि त्यांचा मुख्य उद्योग म्हणजे एकमेकांच्या प्रेमात ढवळाढवळ. कुणी दुसऱ्याच्या वतीनं निरोप देतं, कुणी दोघांना थापा मारून एकाच टेबलावर आणून बसवतं. सगळं बिघडतं आणि भाग संपायच्या आत निस्तरतं. मी नांदेडला इंग्रजी शिकले आणि लातूरच्या शाळेत जन्मभर तेच शिकवलं, तरी त्यांचं ते भरभर बोलणं मलाही खाली येणाऱ्या अक्षरांच्या आधारानंच कळतं.

आमच्या वरच्या मजल्यावर साहेब राहतात. साखर कारखान्यात केमिस्ट होते. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. ते इथे मुलगा-सुनेजवळ असतात. नळाला पाणी आलं की जिन्यातून हाक मारून सांगायचे, एवढीच आमची ओळख. एकदा दारातून मालिकेचा आवाज ऐकून थांबले.

"म्याडम, हे तुम्हाला सगळं समजतं?"

"बरंचसं."

"माझा परदेशातला नातू फोनवर इंग्रजीतच बोलतो. त्यानं विनोद केला की मी बाकीचे हसल्यावर हसतो. आता ते त्याच्या लक्षात यायला लागलंय."

दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी सातला येऊ लागले. दार उघडं, ते वेताच्या खुर्चीत, मी सोफ्यावर, एक भाग. मी मधेच थांबवून समजावून सांगायची. एका भागात मुलगी भेटून गेल्यावर तीन दिवस तिला फोन करायचा नाही, असं एक मित्र दुसऱ्याला बजावतो. साहेब म्हणाले, "आमच्याकडे मुलगी बघून गेल्यावर निरोप यायला महिना लागायचा. तीन दिवस म्हणजे घाईच की."

तुमचे आजोबा गेल्यापासून दिवसभरात मी कुणाशी बोललेच नाही, हे मला कधी कधी संध्याकाळी स्वतःचा घोगरा आवाज ऐकून कळायचं. त्या दिवसांत ते थांबलं.

तळमजल्यावरच्या अक्कांना तुम्ही ओळखता. त्यांच्या यजमानांचं गंजगोलाईच्या बाजारात कापडाचं दुकान आहे, आणि इमारतीतलं कुठलंही लग्न त्यांच्या सल्ल्याशिवाय ठरत नाही. अधूनमधून धपाट्यांचा डबा घेऊन त्याही बसायच्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण गोष्ट आमच्या आधी कळते. एक दिवस मालिकेतल्या मैत्रिणीनं दोघांना खोटं सांगून एकत्र आणलं, तेव्हा अक्कांनी मांडीवर थाप मारली.

"बगा! ह्याला म्हणतेत मैतरीण. नुसती बघत बसली न्हाई."

आणि त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. मी पुढचा भाग लावला.

वैशाखात अक्कांच्या मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आपल्याकडे जेवणाआधी जवळच्या जोडप्यांना पाटावर बसवून आहेर करतात: नवऱ्याला टॉवेल-टोपी, बायकोला साडी. माझ्यासारख्या विधवेलाही साडी मिळते, पण बहुतेक वेळा कडेला उभं असताना, हातात. अक्का मला हाताला धरून रांगोळीतल्या पाटाकडे घेऊन गेल्या, तेव्हा मला भरून आलं. वाटलं, या बाईनं ती रीत मोडली. मी बसले. शेजारी अजून एक पाट होता, तो मी पाहिलाच नव्हता.

"साहेब, तुम्ही बी या. बसा की जोडीनं!"

साहेबांना गर्दीत ऐकू कमी येतं. कुणी तरी पाठीवर हात ठेवून ढकललं आणि ते बसले. अक्कांनी माझ्या ओटीत साडी घातली, त्यांच्या हातात टोपी दिली, आणि सगळा मांडव हसला. मालिकेत मागून हसण्याचा आवाज येतो, पण हसणारी माणसं कधी दिसत नाहीत. इथे प्रत्येक चेहरा ओळखीचा होता. दूधवाला, माझी एक जुनी विद्यार्थिनी, साहेबांची सून. साहेबांचे कान लाल झाले. टोपी डोक्यावर न घालता त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि न जेवता निघून गेले.

त्या संध्याकाळी ते आले नाहीत, दुसऱ्याही नाही. मग सून जिन्यात भेटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा नांदेडला लेकीकडं गेलेत. राहतील तिकडंच आता."

कुणी तरी पाटावरचा फोटो तुमच्या बाबांपर्यंत पोहोचवला. त्यांचा फोन आला. "आई, लोक काय म्हणतील असं मी म्हणत नाही. पण लोक म्हणताहेत." तुम्ही दोघांनी लाल बदाम पाठवलेत आणि लिहिलंत, आजी, हो म्हण! बाळांनो, हो कशाला म्हणायचं? मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी एकटीनं एक भाग लावून पाहिला. थांबवायला कुणी सांगेना. बंद करून टाकला. परत आवाज घोगरा व्हायला लागला.

राखीच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का वर आल्या. आल्या त्या जमिनीवरच बसल्या.

"चुकलं माझं, म्याडम. पर वाईट मनानं न्हाई केलं. तुम्ही वर एकट्याच जेवायलाव, हे मनात आलं की मला घास उतरत न्हाई."

ते खरं होतं. मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता मीच निस्तरते. साहेब आलेत राखीला. त्यांची बहीण यायलीय किल्लारीहून. उद्या तुम्ही बी त्यांना राखी बांधा. एकदा भाऊ म्हटलं की लोकांची तोंडं बंद! मग रोज या म्हणावं, कोण अडवतंय?"

आपल्या गावात हा उपाय चालतो. मला मोह झाला. एक दोरा, आणि संध्याकाळ परत मिळाली असती. मी हो-नाही काहीच बोलले नाही, ते अक्कांनी हो धरलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांच्या बैठकीत निरांजन, कुंकू, पेढे असं ताट तयार होतं. साहेब भिंतीकडेच्या खुर्चीत बसले होते, शेजारी त्यांची बहीण. त्यांचा उजवा हात खिशात होता.

"हात काढा की साहेब," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हात काढला नाही. मला एकदम बरं वाटलं.

"अक्का, आहेराच्या वेळी मला विचारलं नाहीत," मी म्हटलं. "आता विचारा."

"आवं, काय विचारू? बांधायची न्हाई का?"

"नाही."

"मग तुम्ही त्यांच्या कोण?"

वर्गात एखादं पोर सोपा पण अवघड प्रश्न विचारतं, तसं झालं. "शेजारीण," मी म्हटलं. "सात वाजता त्यांच्याबरोबर मालिका बघते. मला ते आवडतं. त्याला ना पाट हवा, ना ताट."

मग साहेबांनी खिशातून हात बाहेर काढून गुडघ्यावर ठेवला. बहिणीची राखी त्यावर आधीच होती.

"म्याडम," त्यांनी विचारलं, "आपण कुठल्या भागावर होतो?"

त्यांची बहीण हसायला लागली. "दादा, जा की मग. टोपी मातर घालून जाऊ नको."

लोक अजूनही बोलतात, तुमच्या बाबांना तिथे ऐकू येईल इतकं. साहेबांची सून पहिले काही दिवस गप्प होती, आता सातला तीच आठवण करून देते, "पप्पा, तुमचा तास." अक्काही येतात. परवाच्या भागात एक मैत्रीण दाराआड लपून दोघांचं बोलणं ऐकत होती, तर अक्का टीव्हीवर ओरडल्या, "कशाला मधी पडायलीय गं ही!" आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मी आता पूर्वीसारखं थांबवत नाही. साहेबांनी बोट वर केलं तरच थांबवते. आठवड्यापूर्वी नातवाच्या विनोदाला ते फोनवर सगळ्यांच्या आधी हसले. विनोद तितकासा चांगला नव्हता, असं त्यांनी मला खाली येऊन सांगितलं.