एक इंच उतार

नवरा गेला त्याला चार महिने होत आले होते, तेव्हा आमच्या व्हॅनची पंधरा वर्षं भरली. पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओत नेऊन पुन्हा पास करून घ्यावी लागते, नाहीतर तिची जागा भंगारात. हे मला सोसायटीच्या वॉचमनपासून पुण्यातल्या मुलापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं. त्या दिवसांत मी सगळंच ऐकून घ्यायचे. कोणी जेव म्हटलं की जेवायचे, कोणी झोप म्हटलं की आडवी व्हायचे.

रडले मात्र नव्हते. भेटायला येणाऱ्या बायका पाठीवर हात फिरवत म्हणायच्या, ‘रड गं, मोकळी हो.’ मी समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. त्यांना वाटायचं, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते मी. आत काही हलतच नव्हतं. पंधराव्या दिवशी कामावर गेले. महाप्याला एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. मशीनवरून आलेले सुटे भाग मोजायचे, मापात बसले तर पुढे पाठवायचे, नाही बसले तर लाल चिठ्ठी लावायची. सत्तावीस वर्षं हेच करते आहे. त्यासाठी मन जाग्यावर असावं लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

व्हॅन ह्यांनी जुनी घेतली होती. आधी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. ह्यांची नोकरी सगळी कागदाची, पण मोबाइलवर परदेशातली माणसं ट्रकात घर करून राहतात ते बघून बघून ह्यांच्या डोक्यात किडा शिरला. तिकडे ट्रकात नळ, बेसिन, काय काय असतं. ‘आपल्याला एक पलंग आणि चहाची शेगडी बास,’ असं म्हणून ह्यांनी मागची सीट काढली, ती लिफ्टने वर आणून गॅलरीत मांडली आणि व्हॅनमध्ये प्लायचा पलंग ठोकायला घेतला. दोन महिने चाललं होतं. एकही स्क्रू सरळ गेला नाही. प्रत्येकाचं डोकं चावून ठेवलेलं. मी कारखान्यातून चांगली स्टीलची टेप आणून दिली, तर ती कपाटात ठेवून हे आपली जुनीच टेप घेऊन बसायचे. तिचा पहिला इंच केव्हाच तुटून गेला होता. ‘एकपासून मोजायचं आणि एक वाढवायचा, त्यात काय!’ मी म्हटलं, ‘अहो, विसराल.’ तर म्हणाले, ‘तुझ्या कारखान्यातली माणसं विसरत असतील.’

पलंग झाला आणि आम्ही दिवेआगरला गेलो. पहिल्याच रात्री मी तीनदा ह्यांच्या अंगावर घरंगळले. सकाळी व्हॅनला बांधलेल्या लिंबू-मिरचीतलं लिंबू सोडवलं आणि पलंगाच्या माझ्या कडेला ठेवलं. ते गुमान चालत ह्यांच्या बाजूच्या पत्र्याला जाऊन टेकलं.

‘उतार आहे,’ मी म्हटलं.

‘आहेच. मुद्दाम ठेवलाय. नाहीतर तू कधी आली असतीस इकडे?’

मला हसू आलं नाही, राग आला. सत्तावीस वर्षं मापं घेणाऱ्या बाईच्या घरात वाकडा पलंग, आणि वर तोंड करून मुद्दाम ठेवलाय म्हणे. पुढच्या तीन सहलींत मी दर वेळी तो विषय काढला. दर वेळी तेच उत्तर. माझी लाल चिठ्ठ्या लावायची खोड घरातही सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तेव्हा गप्प बसता आलं असतं, असं आता वाटतं.

मुलाचा फोन आला की तो व्हॅनवर यायचाच. ‘आई, देऊन टाक. पार्किंग अडतंय, तू ती चालवणार आहेस का? कशाला टेन्शन?’ त्याचं चूक नव्हतं. मला गाडी चालवता येते, पण ती घेऊन कुठे जायचं ते सांगता येत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, ‘ठेवायची आहे.’ का, ते माझं मलाही माहीत नव्हतं. घरातलं बाकी सगळं लोकांनी आवरलं होतं. ह्यांचे कपडे नणंद घेऊन गेली, औषधं कोणीतरी टाकून दिली, चष्मा कुठे गेला कळलं नाही. व्हॅनला तेवढा कोणी हात लावला नव्हता.

ह्यांचा एक मेकॅनिक होता, करावे गावातला. खाडीकडे जाणाऱ्या गल्लीत त्याची शेड आहे. पूर्वी होड्यांची इंजिनं करायचा, आता गाड्या करतो. तो येऊन व्हॅनभोवती एक चक्कर मारून गेला.

‘वहिनी, इंजिन मी बगतो. पन पलंग काढायला लागंल. कागदावं पाच शिटा हायेत, तवऱ्या आत दिसल्या पायजेत.’

‘पलंग न काढता नाही होणार?’

‘नाय होनार. आत बगतात ते. पहार लावली का अर्ध्या घंट्यात सगला मोकला करून देतो.’

म्हणजे गाडी ठेवायची तर पलंग मोडायचा, आणि पलंग ठेवायचा तर गाडी भंगारात द्यायची. मी म्हटलं, ‘पहार नको. पलंग मी काढते.’

दोन रविवार गेले. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर हत्यारं मांडून मी एकेक स्क्रू काढत होते. चावलेल्या डोक्यांत स्क्रूड्रायव्हर धरत नव्हता. काही कानस मारून काढले, काही ड्रिल करून. येणारे-जाणारे थबकायचे. एक शेजारीण म्हणाली, ‘अगं, माणूस बोलव की.’ मी मान हलवली. कारखान्यातल्या सवयीने मी प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टी लावून नंबर घालत होते: एक, वरचा प्लाय, दोन, डावी पट्टी. परत बसवायचं म्हणजे जसंच्या तसं बसलं पाहिजे. वहीत आकृती काढली होती. पस्तीस नंबर झाले.

मी काही शोधत नव्हते, असं खोटं बोलण्यात अर्थ नाही. प्लायच्या आतल्या बाजूला काही लिहिलेलं असेल, असं मनात होतं. होतं ते एवढंच: प्लायवाल्याचा शिक्का, पेन्सिलीने केलेली एक बेरीज, आणि चहाच्या पेल्याचं गोल.

शेवटी पाय निघाले. चार लाकडी पाय, लोखंडी कोनपट्टीने जमिनीला बसवलेले. मी ते चारही शेजारी शेजारी उभे केले आणि आपसूक टेप लावली. माझ्या बाजूचे दोन चौदा इंच, ह्यांच्या बाजूचे दोन तेरा. बरोबर एक इंच. तुटकी टेप. दोन पायांना ह्यांनी एक वाढवला होता, दोन पायांना विसरले होते. म्हणजे मुद्दाम नव्हतंच. मला थोडं जिंकल्यासारखं वाटलं. कोणाशी जिंकले, ते मग लक्षात आलं.

त्या तोकड्या पायांच्या खाली, पत्र्याला चिकटून, काहीतरी निळं होतं. सुरीने खरवडून काढलं. रबरी चपलेचे दोन तुकडे, आणि मध्ये पुठ्ठ्याची घडी. बाथरूममधली ह्यांची निळी चप्पल. एका सकाळी तिची टाच गायब होती आणि मी विचारलं तेव्हा हे म्हणाले होते, ‘खालच्या कुत्र्याने खाल्ली असेल.’ सातव्या मजल्यावर कुत्रा लिफ्टने आला होता बहुतेक. मी तेव्हाही लाल चिठ्ठी लावली होती. ह्यांनी तेवढ्यावरून जेवताना तोंड फिरवलं होतं.

तर हे एकटेच खाली येऊन, मला न सांगता, पलंग वर उचलून पाचर मारत होते. वर मला सांगायचं, मुद्दाम ठेवलाय. आणि पाचर तरी कशाची, चपलेची. दोघांच्या वजनाने तिचा पापड झालेला. व्हर्नियरने जाडी घेतली. चार मिलिमीटर उरली होती. मी ते तुकडे पिशवीत घातले आणि वर लिहिलं, छत्तीस. तेव्हाही रडू आलं नाही. हात धुतले आणि वर जाऊन भात लावला.

गॅलरीतली सीट खाली आणली. त्या सीटवर हे सकाळी चहा प्यायचे. डाव्या बाजूला त्यांच्या बसण्याचा खळगा होता. मेकॅनिकने नवे बोल्ट आणून ती बसवून दिली. पासिंगच्या दिवशी मी स्वतः गाडी घेऊन गेले. रांगेत तीन तास. मग एका साहेबाने दार सरकवून आत डोकं घातलं, सीट हलवून पाहिली, दिवे लावायला लावले, हॉर्न वाजवायला लावला. ‘पाच?’ ‘पाच,’ मी म्हटलं. झालं. बाहेर आल्यावर मेकॅनिक म्हणाला, ‘वहिनी, दादा असते तं पेढे वाटले असते.’ मी म्हटलं, ‘हो, वाटले असते.’ आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

पुढच्या रविवारी सीट परत वर गेली आणि मी पलंग बसवायला घेतला. वही समोर होती. एक, दोन, तीन. ह्यांनी दोन महिने घालवलेलं काम माझ्या हातून दुपारपर्यंत होत आलं. पायांची वेळ आली तेव्हा माझा हात पिशवीकडे गेलाच नाही. कारखान्यातून नायलॉनचे दोन ठोकळे आणले होते, बरोबर पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटरचे. ते तोकड्या पायांखाली सरकवले, बोल्ट आवळले, वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. लिंबू ठेवलं. हललं नाही.

काम चोख झालं होतं. मी दार सरकवून आत जाऊन पडले, माझ्या बाजूला. खाली गादी, वर व्हॅनचं छत, बाहेर कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज. मी जिथे पडले होते तिथेच होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शरीर कुठेच जात नव्हतं. पलीकडची बाजू मोकळी होती आणि तिच्याशी माझा काही संबंध नव्हता. तेव्हा मला भीती वाटली. हे गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती, की आता हे असंच सपाट राहणार.

उठले. गादी काढली, बोल्ट सैल केले, दोन्ही ठोकळे बाहेर काढले. पिशवी उघडली. छत्तीस नंबर: निळे तुकडे, पुठ्ठ्याची घडी. होते तसे, तोकड्या पायांखाली घातले. पुन्हा आवळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मापात नसलेला माल पास केला.

मग पुन्हा आत जाऊन आडवी झाले. डोळे मिटले. झोप लागली की नाही ते सांगता येणार नाही, पण जाग आली तेव्हा मी ह्यांच्या बाजूला होते, नाक पत्र्याला लागलेलं. पत्रा तापला होता. मी बाजूला झाले नाही. ‘अहो,’ मी म्हटलं, ‘मुद्दाम नव्हता ठेवलेला.’ आणि मग मला रडू आलं.